अँप्लिफायरचा एक चॅनेल बंद? खडे बाजार भागातल्या या दुकानात दाखवा

बाबांनी घेतलेला जुना अँप्लिफायर आहे आमच्याकडे, वजनाला दहा किलोच्या आसपास, आणि पावसाळ्यापासून त्याचा उजवा चॅनेल चालू केला की मुकाच. कुमारजी लावले (गायक कुमार गंधर्व, आमच्याच बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे ते, १९२४ चा जन्म) तर गाणं सगळं डावीकडून आणि उजवीकडचा तंबोरा गायब, ऐकवायचंच नाही मला.

आधी एका दुकानात नेला तर त्यांनी झाकण पण न काढता "आयसी गेलाय, साडेतीन हजार" सांगितलं (आयसी म्हणजे आतली चिप). परत आणला. मग चादरीत गुंडाळून खानापूरहून बसने बेळगावला नेला, खडे बाजार भागातलं हे अरुंद दुकान एका मित्राने सांगितलेलं.

तिथल्या मामांनी पहिलं काय विचारलं तर, "स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून बघितलासा काय?" बघितल्या होत्या, अँप्लिफायर बंद करूनच. वायरी बदलल्या की मुकेपणा दुसऱ्या स्पीकरवर गेला म्हणजे स्पीकर चांगला, आणि मागच्या इनपुटच्या पिना उलट्या लावल्या तरी उजवाच बंद राहिला म्हणजे दोष आतच. मग त्यांचा दुसरा प्रश्न, "आवाज मोठा केला की येतंय काय ओ?" येत होता की! टक् करून यायचा आणि बारीक केला की हळूहळू परत जायचा. "मग आयसी नाही, रिले. असले लई बघितलो मी."

माझ्यासमोरच उघडला. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी जो टक् आवाज येतो तो या रिलेचा, तो स्पीकर जोडतो. त्याचे पॉइंट काजळी धरल्यासारखे काळे पडलेले. कोऱ्या कागदाची पट्टी लिक्विडमध्ये भिजवून पॉइंटमधून ओढली तर कागदावर काळी रेघ आली आणि उजवीकडून तंबोरा सुरू झाला, मला खरंच भरून आलं. बारीक आवाजात करंट कमी असतो, तो त्या थरातून पार होत नाही, मोठ्या आवाजात होतो, एवढं साधं होतं. पण "साफ केलेलं टिकत नाही" म्हणून त्यांनी नवीन २४ व्होल्टचा रिले घातला, व्हॉल्यूम आणि बॅलन्सच्या खुंट्यांत क्लीनर मारला, शेवटी मीटर लावून स्पीकरच्या जागी डीसी (स्पीकरला जाऊ नये असा एकाच दिशेचा व्होल्टेज) बघितलं, दोन्हीकडे १५ मिलिव्होल्टच्या आत. ५० च्या खाली असलं की बरं म्हणतात.

सगळे मिळून साडेचारशे. जुना रिले पुडीत बांधून हातात दिला, न मागता. कन्नड गिऱ्हाईक असो नाहीतर मराठी, सगळ्यांना तसंच नीट समजावून सांगतात.

रिले त्यांच्याकडे नव्हता, मागवायला तीन दिवस गेले, आणि पावती मात्र मागून घ्यावी लागते. गाडी दूर लावून ओझं उचलत जावं लागतं, तेव्हा सोबत कोणीतरी न्या, आणि वायरींची अदलाबदल घरीच करून जा, त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.