वेल्समधल्या तीन दंतकथा आणि तीन जागा: एकच दिवस असेल तर कुठे जायचं?

इंग्लंडात राहणारी किंवा उन्हाळ्यात मुलांकडे आलेली मराठी मंडळी वेल्सला जातात ती बहुधा स्नोडनसाठी किंवा कार्डिफचा किल्ला बघायला. त्यापलीकडे एखादा दिवस हाताशी असेल आणि गोष्टींची आवड असेल, तर मी तीन जागा सुचवतो. उत्तरेला बेथगेलर्ट गावातली कुत्र्याची समाधी, पश्चिम किनाऱ्यावर बॉर्थचं बुडालेलं जंगल आणि दक्षिणेत लिन अ व्हान व्हाख हे डोंगरातलं तळं. नकाशावर तिन्ही हाकेच्या अंतरावर वाटतात. पण तिथले रस्ते डोंगरांना वळसे घालत जातात आणि मध्येच ट्रॅक्टर पुढे आला की घड्याळाकडे बघू नये. एका दिवसात तिन्ही उरकायच्या भानगडीत पडू नका, एकच निवडा.

सगळ्यात सोपं बेथगेलर्ट. राजा लेवेलिन शिकारीला जातो, परत येतो तर पाळणा उलटा पडलेला आणि लाडक्या गेलर्ट कुत्र्याच्या तोंडाला रक्त. राजा तलवार काढून कुत्र्याला मारतो. मग पाळण्याखालून बाळाचं रडणं ऐकू येतं आणि शेजारी मेलेला लांडगा दिसतो. गोष्ट ओळखीची वाटली ना? वाटायलाच हवी. पंचतंत्राच्या शेवटच्या तंत्रात ब्राह्मणाच्या बायकोच्या हातून मुंगूस मरतं, तीच ही गोष्ट. पहलवी, अरबी अशा भाषांतरांचे मुक्काम करत ती युरोपात गेली. वाटेत मुंगसाचा कुत्रा झाला आणि सापाचा लांडगा.

लेवेलिन खरा. तेराव्या शतकातला वेल्सचा बलाढ्य राजा, 1240 मध्ये वारला. समाधी मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीची आणि ती उभारली गावातल्या गोट हॉटेलचा मालक डेव्हिड प्रिचर्ड याने. गिऱ्हाईक यावं म्हणून! गावाचं नावसुद्धा कुत्र्यावरून नाही, केलर्ट नावाच्या जुन्या संतावरून पडलं असावं. 1800 मध्ये एका इंग्रज कवीने यावर कविता केली आणि मग गर्दीला खळ राहिला नाही.

म्हणून जाऊ नये का? मुलं किंवा सत्तरीचे आईबाबा बरोबर असतील तर इथेच जा. गावातून ग्लासलिन नदीच्या काठाने सपाट पायवाट आहे. झाडाखाली कुंपणातला दगड आणि त्याच्याजवळ इंग्रजी व वेल्शमध्ये कोरलेली पाटी, एवढंच बघायचं आहे. कर्नार्वनहून पोर्थमॅडॉगला जाणारी वाफेची छोटी गाडी या गावात थांबते. मुलांना समाधीपेक्षा तीच जास्त लक्षात राहते.

बॉर्थचं गणित बरोबर उलटं. तिथे कोणी काही उभारलेलं नाही आणि भरतीच्या वेळी गेलात तर दिसतही काही नाही.

दंतकथा कांत्रेर ग्वाइलोदची, म्हणजे कार्डिगनच्या उपसागराखाली गेलेल्या सुपीक राज्याची. राजा ग्विद्नो. समुद्र अडवायला बांध, बांधाला दरवाजे आणि दरवाज्यांवर पहारेकरी सेथेनिन. एका रात्री सेथेनिन दारू पिऊन पडला, दरवाजे उघडे राहिले आणि सगळं राज्य पाण्याखाली गेलं. शांत दिवशी पाण्याखालच्या घंटा ऐकू येतात म्हणे. आज सगळे हीच गोष्ट सांगतात. पण साधारण 1250 च्या सुमारास लिहिलेल्या कार्मार्थनच्या काळ्या पुस्तकात जी जुनी कविता आहे, तिच्यात दोष जातो मेरेरिद नावाच्या एका मुलीवर. विहिरीचं पाणी तिच्या ताब्यात होतं आणि ते तिने सोडलं, असा त्या ओळींचा अर्थ लावतात. दारुड्या पहारेकऱ्याने तिला कधी बाजूला सारलं, कोण जाणे. सांगायला सोपी गोष्ट टिकली. हे हस्तलिखित अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि बॉर्थहून तिथे आगगाडीने पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

आता वाळूत काय दिसतं ते सांगतो. ओहोटी पूर्ण लागली की बॉर्थ आणि अनिस्लासच्या मधल्या किनाऱ्यावर काळपट पट्टे उघडे पडतात. जवळ गेलं की कळतं, ही झाडांची बुंधं आहेत. पाइन, ओक, आल्डर, बर्च. मुळं जशी जमिनीत पसरली होती तशीच पसरलेली, वरती शेवाळ आणि शिंपल्यांची खरबरीत साय. लाकूड भिजून मऊ झालेलं, नखानेही ओरखडा उठेल असं, तेव्हा हात लावायचा मोह आवरा. ही झाडं साडेचार ते सहा हजार वर्षांपूर्वीची. समुद्राची पातळी चढत गेली, जमीन दलदलीची झाली आणि हवा न लागणाऱ्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याच्या, थरात बुंधं टिकून राहिली. 2014 च्या सुरुवातीच्या वादळांनी वाळू ओरबाडून नेली तेव्हा हे जंगल एकदम पुष्कळ उघडं पडलं. पीटमध्ये माणसांच्या आणि जनावरांच्या पावलांचे ठसेही सापडले आहेत.

म्हणजे दंतकथा ही पाच हजार वर्षांची आठवण आहे का? असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील, मला ते पटत नाही. कुठल्याही शतकातल्या कोळ्याला ओहोटीत ही बुंधं दिसतच होती. शिवाय समुद्रात सरळ घुसणारे दगडगोट्यांचे बांध आहेत, त्यांना सार्न म्हणतात. ते हिमनद्यांनी टाकलेले ढीग आहेत, पण दिसतात अगदी कोणीतरी रचल्यासारखे. समोर झाडं आणि बांध दिसत असताना बुडालेल्या राज्याची गोष्ट रचायला जुनी आठवण कशाला लागते?

गाडी नसेल तर बॉर्थच. बर्मिंगहॅमहून अॅबरिस्टविथला जाणारी गाडी बॉर्थला थांबते आणि स्टेशनपासून समुद्र पायी काही मिनिटांवर आहे. तिकीट काढण्याआधी मात्र भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत ओहोटी सगळ्यात खोल जाते, ते दिवस धरा. थंडीत वादळ होऊन गेलं असेल तर फारच उत्तम. उन्हाळ्यात वाळू परत साचते आणि निम्मी बुंधं गडप होतात.

आता माझं आवडतं, लिन अ व्हान व्हाख. इथे ना कोरलेली समाधी, ना पुराणवृक्ष. पण तिघांत गोष्ट म्हणून सगळ्यात सरस हीच.

ब्लाएनसोदे गावच्या विधवेचा मुलगा तळ्याकाठी गुरं चारत असतो. पाण्यावर बसून केस विंचरणारी एक बाई दिसते. तो तिला भाकरीचा तुकडा देऊ करतो. फार कडक भाजलीस म्हणून ती बुडी मारते. दुसऱ्या दिवशी तो कच्चं पीठच नेतो, तेही नको. तिसऱ्या दिवशी अर्धवट भाजलेली भाकरी चालते. लग्नाची अट एकच: कारण नसताना तीन फटके मारलेस की मी परत जाईन. हुंडा म्हणून एका श्वासात मोजता येतील तेवढी गुरं. ती हुशार, दहापर्यंत जातच नाही. एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-पाच असं दम संपेपर्यंत.

मग फटके. बारशाला निघायला ती टाळाटाळ करते, तेव्हा तो हातमोज्याने खांद्यावर नुसतं टपकन मारतो. लग्नात ती रडते, कारण जोडप्याचे त्रास आता सुरू होणार, दुसरा फटका. अंत्ययात्रेत ती हसते, कारण मेलेल्याचे त्रास संपले, तिसरा. ती उठते आणि एकेका गुराला नावाने हाक मारत तळ्याकडे चालू लागते. नांगराला जुंपलेले बैल नांगरासकट मागून जातात. कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरूसुद्धा जिवंत होऊन खाली उतरतं. शंतनू-गंगेची अट आपण ऐकलेली आहे, पण हे वासरू आपल्याकडे नाही.

पुढे ती मुलांना भेटते आणि औषधी वनस्पती दाखवते. इथून गोष्ट इतिहासाला येऊन मिळते. मथ्वाय गावचा रिवाल्लोन आणि त्याची मुलं तेराव्या शतकात रीस ग्रीग या सरदाराचे वैद्य होते. त्यांचे उपचार 1382 नंतर लिहिलेल्या हर्गेस्टच्या लाल पुस्तकात आहेत आणि वैद्यकी त्या घराण्यात अठराव्या शतकापर्यंत चालली म्हणतात. तळ्यातल्या बाईची गोष्ट त्यांच्याबरोबर छापून आली ती 1861 मध्ये. वैद्य आधीचे आणि पक्के, बाई त्यांना मागून चिकटली असावी.

जायला मात्र गाडी हवी. लानदैसांतपर्यंतचा शेवटचा रस्ता एकाच गाडीचा, समोरून कोणी आलं की मागे घ्यावी लागते. पुढे साधारण तीन किलोमीटर खडीची चढण. तळ्यामागे डोंगराची भिंत उभी आहे, पिकुस दी हे शिखर 749 मीटरचं. तळ्याला एक छोटं धरण आहे, तेवढं मनातून वजा करा. ते पहिल्या महायुद्धाच्या काळात बांधलं आणि कामावर होते युद्धात लढायला नकार दिलेले लोक. दुखरे गुडघे आणि चपला घेऊन जाऊ नका. ढग उतरले तर तळं दहा पावलांवरूनही दिसत नाही, म्हणून हवामान बघून त्याच सकाळी ठरवा.

बॉर्थ ठरवलंत आणि गाडी असेल, तर अॅबरिस्टविथच्या दक्षिणेला लानरिस्टिडजवळ रस्त्याकडेची एक पडकी भिंत त्याच दिवशी बघून होते. तिच्यावर लिहिलंय, ‘ट्रवेरिन विसरू नका’. हे बुडणं खरंखुरं. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून 1965 मध्ये ट्रवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन गाव शाळा, पोस्ट, चॅपेल आणि दफनभूमीसकट धरणाखाली गेलं, वेल्समधल्या विरोधाला न जुमानता. मुळशी ठाऊक असलेल्याला जास्त सांगायला नको. लिव्हरपूलच्या महापालिकेने माफी मागितली 2005 मध्ये. 2019 मध्ये कोणीतरी ती भिंत अर्धी पाडली, तर लोकांनी ती पुन्हा रचलीच आणि वेल्सभर भिंतींवर तेच शब्द रंगवले.