सेवेचं शिबिर, जाऊन याच

पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चमध्ये शनिवारी सकाळी मंडळीतल्या लोकांसाठी सेवेवर, म्हणजे चर्चच्या कामात हातभार लावण्यावर, ३ तासांचं शिबिर होतं, फी काही नाही आणि मधे चहा-पोहे, मी आईला घेऊन गेले आणि मनापासून आवडलं. मला कायम वाटायचं की गाता येणारे नि संडे स्कूल घेणारेच सेवा करतात, बाकीच्यांनी बाकावर बसायचं. पण पास्टरांनी बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय काढला, त्यात ७ कृपादानं, म्हणजे देवाने दिलेल्या देणग्या आहेत आणि शिकवण्याच्या बरोबरीने देणं, दया करणं पण आहे, इतक्या वेळा वाचूनही मी तसं कधी बघितलंच नव्हतं!! उदाहरणही आपल्याच भागातलं दिलं, पंडिता रमाबाई, १८९० मध्ये विधवांसाठीची शाळा शारदा सदन पुण्यात आणली, पुढे केडगावला निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन, आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं.

सगळ्यात भारी म्हणजे सेवेसाठी नाव द्यायचा फॉर्म. त्यात ‘काय येतं’ च्या आधी ‘आठवड्यात खरंच किती वेळ आहे’ हे विचारलंय. आईचे गुडघे दुखतात, तिने लिहिलं, गुरुवारी दुपारी २ तास, फोनवर बोलू शकते. तिला लगेच आजारी असलेल्या ४ आज्यांचे नंबर दिले, आता ती त्यांच्याशी बोलते, प्रार्थना करते, खूप खुलली आहे ती.

फक्त प्रश्नोत्तरांना १० मिनिटंच उरली, तिथे वेळ वाढवायला हवा, आणि नोकरीवाल्यांसाठी रविवारी उपासनेनंतर एक बॅच ठेवा प्लीज. माझं नाव मी साउंड सिस्टिमला दिलंय.