फायबर की रेडिओ दुवा: खेड्यातील छोट्या इंटरनेटसेवेची बँडविड्थ वाढवताना

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात वायरलेस इंटरनेट पुरवणाऱ्या एका स्नेह्याने विचारले, की संध्याकाळी सगळ्याच ग्राहकांचा वेग मंदावतो, तर मनोऱ्यापर्यंत भाड्याने फायबर घ्यावे की शहरातून आणखी एक रेडिओ दुवा, म्हणजे दोन अँटेनांमधली बिनतारी जोडणी, उभारावा.

खर्चात रेडिओ उजवा ठरतो, कारण ५ गिगाहर्ट्झमधील रेडिओ वारंवारतेचे पट्टे भारतात २०१८ पासून परवानामुक्त आहेत आणि दोन अँटेना एकदा बसवल्या, की दरमहा मुख्यतः शहरात घेतलेल्या बँडविड्थचेच पैसे मोजावे लागतात. फायबरची खोदाई, परवानग्या आणि भाडे चुकत नाही.

टिकाऊपणा मात्र बारकाईने पाहावा. या वारंवारतेला पावसाचा फारसा त्रास होत नाही, त्रास होतो तो झाडांचा. १२ किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर, दृष्टिरेषेभोवती (दोन अँटेनांना जोडणाऱ्या सरळ रेषेभोवती) सुमारे १२ मीटर त्रिज्येची जागा लागते आणि त्या त्रिज्येचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. मार्चमध्ये साग निष्पर्ण असतो, सगळे स्वच्छ दिसते. जुलैत त्याच सागाची रुंद, ओली पाने सिग्नल गिळतात. म्हणून पाहणी पावसाळ्यातच करावी, असा माझा आग्रह आहे. फायबरला झाडांची भीती नाही, पण रस्तारुंदीकरणातला जेसीबी ते क्षणात तोडतो.

वाढीला वाव फायबरमध्येच अधिक, कारण टोकांची उपकरणे बदलली, की तीच तार कितीतरी जास्त भार उचलते.

ग्राहक थोडे असतील आणि दृष्टिरेषा बारमाही मोकळी असेल, तर रेडिओ पुरेल. दवाखाना, शाळा किंवा पतपेढी जोडायची असेल, तर फायबर घ्यावे आणि सध्याचा रेडिओ दुवा राखीव म्हणून चालू ठेवावा.