वाणाचे वीस हजार पाचशे

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला इतकी वर्षं प्लास्टिकचे डबे लुटले गेलेत की आता डब्यात डबा ठेवावा लागतो. म्हणून गेल्या वर्षी मीच टूम काढली, यंदा वाण नको, प्रत्येकीने पाचशे काढा, चांगल्या कामाला देऊ. एकतीस जणींचे १५,५०० झाले. वरचे पाच हजार माझे.

एका ओळखीच्या बाईंनी एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं नाव सुचवलं. दुसऱ्याच दिवशी त्यांचा माणूस दारात हजर. वाकून नमस्कार, माझ्या हातच्या दोन गुळपोळ्या, आणि लॅमिनेट केलेलं रजिस्ट्रेशनचं प्रमाणपत्र. मग मोबाइलवर मुलांचे फोटो. नाव, वय, गाव, आई कधी गेली, सगळं. "आंटीजी, एक बच्चे की दवाई का महीने का साढ़े तीन हज़ार लगता है. परसों इसकी दवाई ख़त्म हो रही है, एक दिन भी चूकी तो मुश्किल." चेक देते म्हटलं तर म्हणाला, वटायला दिवस जातील. मी रोख मोजून दिले. वर ते फोटो मागून घेतले आणि आमच्या ग्रुपवर टाकले. बायकांनी हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावली.

गोळ्या चुकवायच्या नसतात हे खरंच आहे. खंड पडला की विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. त्याच्या बोलण्यात एवढं एकच खरं होतं, आणि त्यावरच बाकी सगळं खपून गेलं.

महिन्याभराने भाची आली. ती लॅबमध्ये काम करते. मी कौतुकाने सांगायला गेले तर म्हणाली, "मावशी, कसले साडेतीन हजार? एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, गोळ्या सरकारी केंद्रात २००४ पासून फुकट मिळतात. आपल्या एमवाय हॉस्पिटललाही मिळतात!" प्रतिकारशक्ती बघायची सीडी फोर आणि रक्तातला विषाणू मोजायची व्हायरल लोड, या तपासण्यासुद्धा तिथे फुकट. मला घाम फुटला. तरी वाटलं, असेल काही वेगळं औषध. मी त्याला फोन केला, मुलांना भेटायचंय म्हटलं. तर गडी एकदम गंभीर. "आंटीजी, गोपनीयता का मामला है, कानून है."

कायदा आहे, २०१७ चा. अशा कामात विश्वासाने कळलेली कुणाची एचआयव्हीची माहिती, त्याच्या किंवा मुलाच्या बाबतीत पालकाच्या लेखी संमतीशिवाय, दुसऱ्याला सांगता येत नाही. मग पैसे मागताना फोटो, नाव, गाव कसं चाललं? आम्ही हिशेब मागायला गेलो तेव्हाच बरी ती गोपनीयता आठवली! खरं तर ज्या फोटोंनी आम्ही विरघळलो, ते पाहूनच त्याला दारातून परत पाठवायला हवं होतं.

एप्रिलमध्ये ८०जीची, म्हणजे करसवलतीची, पावती मागितली. तर म्हणे सीए बाहेरगावी. मे महिन्यात फोन बंद. मागाहून आमच्या कर सल्लागाराने समजावलं की दोन हजारांवर रोख दिलं की सवलत मिळतच नाही, आणि खरी संस्था देणगीदाराचा पॅन घेऊन आयकराच्या पोर्टलवरून देणगीचं प्रमाणपत्र देते. आमच्यापैकी एकीचाही पॅन त्याने विचारला नव्हता. त्याच्या लॅमिनेटच्या प्रमाणपत्राचं म्हणाल तर त्यावरून संस्थेची नोंदणी झाली एवढंच कळतं. ती काय करते, पैसा कुठे जातो, ते ऑडिटच्या कागदात असतं, आणि ते मागायचं मला सुचलं नाही. पत्त्यावर गेले. मालवा मिलकडे, खाली शिंप्याचं दुकान. तो म्हणाला, वरची खोली दोन महिन्यांपूर्वीच रिकामी झाली. पोलीस ठाण्यात अर्ज घेतला. रोखीचा पुरावा काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मी बायकांचे पैसे परत करू लागले. निम्म्या जणींनी घेतले नाहीत. पण एक काकू म्हणाल्या, "त्या रोगाच्या लोकांच्या नादी लागलं की असंच होतं." फसवलं कोणी, आणि बोल कुणाला! मला पैशांपेक्षा ते लागलं. ग्रुपवरचे फोटो सगळ्यांना पुसायला लावले. ती मुलं कोण होती, आजारी तरी होती का, त्यांचे चेहरे पुढे कुठवर गेले, कोण जाणे. पाठवणारी मीच.

यंदा भाचीला घेऊन दुसऱ्या एका संस्थेत गेले. औषधांवर तुमचा खर्च किती, हा पहिला प्रश्न. तिथल्या ताई हसल्या, "औषधं सरकार देतं, आम्ही केंद्रापर्यंत पोचवतो." खर्च बसभाड्यावर, पोषण आहारावर, गोळ्या सोडलेल्यांच्या घरी जाऊन समजूत काढण्यावर. तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट समोर ठेवले, दर्पण या सरकारी पोर्टलवरचा संस्थेचा नंबर दिला. फोटो आहेत का म्हणून मी मुद्दाम विचारलं. "नाही, आणि असते तरी दाखवले नसते." मग एक जाड वही उघडली. नावांच्या जागी नुसते नंबर, आणि प्रत्येक नंबरापुढे खळीने चिकटवलेली बसची तिकिटं.

मी चष्मा काढला, पुसला, आणि पहिल्या पानापासून बेरीज करत बसले.