मूळ नोंदवही बघावी की बिशपकडची नक्कल?

माझ्या बायकोचं माहेर यॉर्कशायरमधल्या एका खेड्यातलं. इंग्लंडात जन्म, लग्न, मृत्यूची सरकारी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली; तिच्या घराण्याचा माग त्याच्या मागे न्यायचा तर चर्चच्या वह्यांशिवाय इलाज नाही. मग प्रश्न येतो: पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची, मूळ वही बघायची, की तिची दरवर्षी बिशपकडे जायची ती नक्कल?

नक्कल हाताळायला सोपी. एका वर्षाचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं एकत्र मिळतात आणि अक्षरही बहुधा बरं असतं. मूळ वही ओलीने किंवा उंदरांनी गेली असेल, तर तेवढाच आधार उरतो. यॉर्क धर्मप्रांताच्या नकला यॉर्कच्या बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. इंटरनेटवरच्या काही सूच्या मूळ वहीवरून नव्हे, या नकलांवरून केलेल्या असतात, तेवढं आधी तपासून घ्यावं.

माझं घोडं अडलं ते लग्नांपाशी. १७५४ पासून हार्डविकच्या विवाह कायद्यानुसार वधूवरांनी आणि साक्षीदारांनी वहीत सही करायची, लिहिता येत नसेल तर फुली मारायची. मी पाहिलेल्या नकलांत साक्षीदारांची नावंच उतरवलेली नव्हती. गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ, वयंही जवळपास सारखी. दोघांची लग्नं थोड्या अंतराने झालेली. कुठली बायको कोणाची, ते नकलेवरून काही केल्या ठरेना. मूळ वहीत एका लग्नाला साक्षीदार म्हणून वराच्या बहिणीची फुली निघाली. तिचं नाव दोनांपैकी एकाच घरात होतं. वंशावळीची एक अख्खी फांदी त्या फुलीमुळे योग्य जागी लागली, आणि तेव्हापासून माझा कल मूळ वहीकडे आहे.

इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. १८१३ पासून बाप्तिस्मा आणि दफनाच्या नोंदी छापील रकान्यांत होऊ लागल्या, त्यामुळे तिथून पुढे नकलेत फारसं काही निसटत नसावं. त्याआधी मात्र यॉर्कशायरच्या काही गावांत, १७७७ नंतर, विल्यम डेड (Dade) या पाद्र्याच्या पद्धतीच्या सविस्तर नोंदी आहेत: बाळाच्या आजी-आजोबांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, सगळं. अशा नोंदी नकलेत कधी पूर्ण उतरतात, कधी नाही. मूळ वहीचं जुनं अक्षर लावायला वेळ जातो, हे खरं. तरी वेळ किंवा पैसे मोजकेच असतील, तर १७५४ ते १८३७ मधली लग्नाची मूळ वही आधी बघा. बाप्तिस्म्यांसाठी तूर्त नकलेवर भागेल.