एकघटकी की दोनघटकी? घरी बांधलेल्या मोटरबोटीचा शेवटचा रंग
प्लायवुडच्या बोटीवर इपॉक्सीचे (लाकडात पाणी शिरू न देणाऱ्या रेझिनचे) हात देऊन झाले, तरी ऊन इपॉक्सीला हळूहळू खाते, त्यामुळे वरून रंग द्यावाच लागतो. एकघटकी, म्हणजे डब्यातून थेट लावायचे, इनॅमल ब्रशने सहज लागते आणि धक्क्याला घासून निघालेला तुकडा त्याच डब्यातून दुरुस्त करता येतो; मात्र पुरत्या न मुरलेल्या इपॉक्सीवर ते कित्येक दिवस चिकटच राहू शकते, म्हणून इपॉक्सी पूर्ण मुरू द्यावे, त्यावर येणारा मेणचट थर साध्या पाण्याने धुवावा आणि मगच पॉलिशपेपर मारावा. दोनघटकी, म्हणजे दोन भाग एकत्र मिसळून लावायचे, पॉलियुरेथेन अधिक कठीण व चकचकीत असले, तरी त्यातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक असल्याने ते घरी फवारण्याच्या फंदात पडू नये. शिवाय पहिल्या चाचणीत बोट काठाला घासणारच, हे धरून माझी पसंती इनॅमललाच आहे.