लंडनचा जॉर्ज की नॉटिंगहॅमचा ट्रिप?

एकाच जुन्या पबपुरता वेळ असेल, तर मी सरळ नॉटिंगहॅमचं तिकीट काढायला सांगेन. ‘ये ओल्ड ट्रिप टु जेरुसलेम’च्या भिंतीवर ११८९ साल रंगवलंय. त्याला पक्का पुरावा नाही, आजची इमारत सतराव्या शतकातली. पण आतल्या खोल्या किल्ल्याखालच्या वालुकाश्मात कोरलेल्या आहेत. हात टेकला की दगड गार लागतो, आणि तोच गारवा तळघरातल्या पिंपांना मिळतो. रिअल एल, म्हणजे पारंपरिक इंग्लिश बिअर, पिंपात पुन्हा आंबते, वरून गॅस भरत नाहीत. हातपंपाचा दांडा ओढला की साधारण ११ ते १३ अंशांवर ती ग्लासात उतरते. बर्फगार बिअरची सवय असेल तर पहिला घोट कोमट वाटेल. जरा थांबा, माल्टची, म्हणजे मोडवलेल्या बार्लीची, गोडी आणि हॉप्सच्या फुलांचा कडवटपणा हळूहळू कळू लागतो.

साउथवर्कचा ‘जॉर्ज इन’ आगीनंतर १६७७मध्ये पुन्हा बांधला. लाकडी सज्जांची, घोडागाड्यांच्या काळातली अशी सराय लंडनमध्ये ही एकच उरलीय. रेल्वेसाठी बाकीच्या बाजू पाडल्या, हे वाचून अजून हळहळ वाटते. उरलेली नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने सांभाळलीय. एलही मिळतेच, पण तिथे जायचं ते अंगणातल्या बाकावर बसून वरचे सज्जे बघायला.